घट

खैरमाळ फाट्यावरचा पंप बंद होऊन अकरा वर्षं झाली.
छताचे पत्रे गेले, यंत्रं भंगारात गेली,
टाक्या उपसल्या त्या दिवशी म्हणे अख्खं गाव जमलं होतं,
विहिरीत पडलेली म्हैस काढताना जमतं तसं.
खड्ड्यात मुरूम लोटला. वर तरोटा माजला.

मी आलेय गिरमिट घेऊन,
बर्फाची पेटी, चाळीस काचेच्या बाटल्या,
आणि चिकटपट्ट्या: खोली, वेळ, रंग, वास.

पहिला मीटर काळी.
उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी,
आणि पावसाळ्यात फुगून
कुंपणाचे खांब वाकडे करणारी.
लोखंडी नळीचा एखादा सांधा
हिच्यापुढे काय टिकणार.
दुसरा मीटर काळीच.
तिसऱ्यात चुनखडीचे खडे.
सव्वातीनला गिरमिट वर आलं
तर माती हिरवट राखाडी, तुकतुकीत,
आणि मीटरवरचे आकडे पळत सुटले.

बाटली काठोकाठ भरायची.
हवेला जागा ठेवायची नाही,
नाहीतर जे शोधतोय तेच उडून जातं.

"उडालं," शालिक कोवे म्हणाले.
सकाळपासून बाभळीखाली उकिडवे बसले होते.
"हाच शब्द होता जी आमचा."
तेरा वर्षं रोज पहाटे
त्यांनी पितळी पट्टी टाकीत सोडली,
पट्टी कुठवर ओली ते पाहिलं
आणि रजिस्टरात मांडलं.
खताच्या पिशवीतून त्यांनी रजिस्टरं काढली.
आवक. विक्री. शिल्लक. घट.
घट सहा लिटर. घट नऊ. घट आठ.
दिवाळीच्या दिवशीही घट सात.
"मालक म्हने, पेटरोल हाये, उडतेच. लिहून टाक.
म्या लिहलं.
वर पाह्यलं, अभायात कुठी दिसते का.
खाली काऊन पाहीन?"

मी मांडीवर कागद ठेवून गुणाकार केला.
आठ गुणिले तीनशे पासष्ट गुणिले तेरा.
दोन टाक्यांना जरा कमी.
त्यातलं काही खरंच उडालं असेल.
काही.

दुपारी सुलोचना भुजाडे चहा घेऊन आल्या.
अर्ज त्यांचाच. पंपामागचं वावर त्यांचं.
अर्जात विहीर आहे,
पाण्यावर तरंगणारे मोरपंखी रंग आहेत,
बैलानं तोंड फिरवलं ते आहे.
जे नाही ते त्यांनी कपबशा गोळा करता करता सांगितलं:
नवरात्रात घट बसवला,
माती बांधावरूनच आणली, दरसालसारखी.
गहू पेरला. नऊ दिवस पाणी शिंपलं.
एक कोंब नाही.
सासू म्हणाली, सोवळं मोडलं असेल.
पुढच्या वर्षी दोनदा अंघोळ केली, तरी नाही.
तिसऱ्या वर्षी गुपचूप माहेरची माती आणली पिशवीभर,
तर बोटभर हिरवं चौथ्याच दिवशी.
"मंग समजलं मले, देवी नाई रुसली.
पन हे कागदावर लिहलं असतं
तर साहेब हासले असते."

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.
शेऱ्यात लिहावं का, विचार केला.
मग बांधावर सातवं भोक घेतलं,
ठरलेल्या नकाशात नव्हतं ते.
तिथं दोन मीटरलाच लागलं.

ऊन कललं. बर्फाचं पाणी झालं.
नाकाचं असं असतं की तासाभरात ते दमतं,
सवयीचा वास त्याला वास वाटत नाही.
म्हणून यंत्र.
शालिकरावांनी गिरमिटाच्या टोकावरचं ढेकूळ उचललं,
नको म्हणेपर्यंत चिमटीत कुस्करलं, नाकाशी नेलं,
बराच वेळ धरलं.

"मले तं पंप चालू होता तवापासूनच
कायचाच वास येत नाई जी.
ना फोडनीचा, ना पावसाचा.
तुमी सांगा.
येते का?"

मी वास घेतला.
माझंही नाक दमलं होतं.
मीटर त्यांच्याकडे वळवून धरला,
आणि ते चष्मा शोधत
खिसे चाचपत राहिले.